चौकोनात न मावलेले

केतकी उपळाईकरने चित्रातून काढून टाकलेली होडी मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता तिच्या घरी आली. दारातून ती आडवी आत येईना, म्हणून केतकीने आणि तिच्या वडिलांनी, अप्पांनी, ती उभी करून ओढून घेतली आणि गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली ठेवली. होडीची एक बाजू लाल होती, फळ्याफळ्यांची. दुसरी बाजू नव्हतीच. तिथे नुसतं पांढरं होतं, कारण ती बाजू केतकीने कधी रंगवलीच नव्हती.

चित्र होतं लहान मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणाऱ्या मोबाइलवरच्या एका खेळाचं. खेळाचं नाव ‘अंकांचं बेट’. मोबाइलच्या स्टोअरमध्ये असे शेकडो खेळ ओळीने लागलेले असतात आणि प्रत्येकाचं एक चौकोनी चित्र असतं, नखाएवढं. मूल त्यांवरून बोट सरकवत जातं आणि एखाद्यावर थांबतं. त्याला थांबवायचं काम केतकीचं. सांगलीतल्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीशी टेबल लावून ती हे काम करायची. अप्पा तिच्या पाठीमागे खुर्चीत बसून असायचे. त्यांनी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत शिकवण्यात काढली होती. अलीकडे त्यांना फार चालवत नव्हतं.

पहिल्या चित्रात एक मुलगा होता, त्याच्या मागे एक मुलगी, शेळी, होडी, दोन नारळाची झाडं आणि वाळूत एकपासून पाचपर्यंतचे अंक. पुण्याहून कंपनीचे तांबोळी रोज फोन करायचे.

“छान आहे,” ते म्हणाले होते. “पण गर्दी वाटतेय. होडी काढा.”

होडीनंतर त्यांनी झाडं काढायला लावली. ती बुधवारी आली आणि स्वयंपाकघरात छताला टेकून वाकून उभी राहिली. गुरुवारी शेळी आली. तिलाही एकच बाजू होती, म्हणून ती भिंतीला चिकटूनच चालायची आणि कोपरा आला की थांबायची. शुक्रवारी अंक आले. चार दिवसभर सापडला नाही, संध्याकाळी अप्पांच्या उशीखाली निघाला.

“मी जे काढते ते सगळं माझ्या घरी येतं,” केतकीने तांबोळींना सांगितलं.

“जपून ठेवताय ते बरंच आहे,” तांबोळी म्हणाले. “आता चेहऱ्यांचं बघा. एवढ्याशा चित्रात दोन चेहरे म्हणजे दोन ठिपके. एकच ठेवा, मोठा. मुलगी काढा.”

“मुलगीच का?”

“मुलगा पुढे आहे.”

शनिवारी मुलीने बेल वाजवली. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, हसताना उघडलेलं तोंड. तिला डावा हात नव्हता. खांद्यापाशी ती एका स्वच्छ वळणात संपत होती आणि ते वळण मुलाच्या शर्टाचं होतं.

“माझा हात त्याच्या मागे राहिलाय,” ती म्हणाली.

केतकीने तिला आत घेतलं. अप्पांनी तिला खुर्चीशेजारी उभं करून घेतलं आणि सवयीने विचारलं, “अंक येतात का?”

तिने पाचपर्यंत म्हणून दाखवले.

“पाचच्या पुढे काय?”

“नारळ,” मुलगी म्हणाली.

दुपारी ती रडली. केतकीने तिला हसतानाच रंगवलं होतं, त्यामुळे तोंड तसंच उघडं राहिलं आणि पाणी गालांवरून त्या हसण्यात जात राहिलं. तिला भरवायला गेलं तर घास आत जाईना. तोंडात सपाट लाल रंग होता. केतकीने दुसऱ्या कागदावर एक हात रंगवला, कापला, तिच्या खांद्याला लावून पाहिला. तो खाली पडला.

घरात आता नीट वळता येत नव्हतं. टेबल खिडकीला पार भिडलं होतं. अप्पांची खुर्ची शेळी आणि स्वयंपाकघरातून बाहेर वाकलेलं झाड यांच्यात अडकली होती आणि ती सगळ्यांच्या पांढऱ्या बाजूला आली होती. तिथून घर कोरं दिसतं, असं अप्पा म्हणाले. त्यांनी तक्रार केली नाही.

रविवारी मात्र ते म्हणाले, “केतकी, हिला परत पाठव. तिचा हात तिकडे आहे.”

“तांबोळींना चालायचं नाही, अप्पा.”

“नाही तर नाही. पण हात नसलेलं मूल घरात ठेवून घेता येत नाही.”

सोमवारी सकाळी केतकीने चित्र उघडलं. मुलगी अप्पांना टेकून उभी होती आणि अप्पांचा उजवा हात तिच्या खांद्यावर होता.

“अप्पा, हात काढून घ्या.”

“घेतो.”

केतकीने मुलीला चित्रात परत घेतलं आणि चित्र तांबोळींना पाठवून दिलं. मग ती मागे वळली. मुलगी नव्हती. अप्पाही नव्हते. खुर्चीतली उशी अजून दबलेली होती आणि हळूहळू वर येत होती.

पडद्यावर मुलगी मुलाच्या मागे आपल्या जागी उभी होती. तिच्या खांद्यावर एक हात होता. सुरकुतलेला, नखं बारीक कापलेली, खडूने भेगाळलेली बोटं. मनगटापाशी चौकोन संपत होता. केतकीने चित्र डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. कडेच्या पलीकडे काहीच नव्हतं. तिने अप्पांना हाक मारली. शेळीने मान वळवली आणि तिचं अर्धं तोंड पांढरं झालं.

तांबोळींचा फोन आला. “मुलगी परत घेतलीत ते बरं केलंत. एकट्या मुलापाशी कुणी थांबत नव्हतं, आम्ही मुलांना दाखवून पाहिलं. पण तिच्या खांद्यावर हात कुणाचा आहे?”

“माझ्या वडिलांचा.”

“मुलं घाबरतील. काढा.”

“तो काढला तर तेवढाच घरी येईल.”

“तेवढाच काढायचाय. बाकी चित्र झालंय. संध्याकाळी ते स्टोअरवर चढवायचंय.”

“काढते,” केतकी म्हणाली आणि काढायला बसली.

तिने चौकोन मोठा केला. मनगटाच्या वर हात रंगवला, मग कोपर, मग खांदा. खांद्यापर्यंत हात भराभर चालला. चेहऱ्याशी ती थांबली. आज सकाळी अप्पांनी कुठला सदरा घातला होता ते तिला आठवेना. त्यांचे केस मागे किती उरले होते, चष्म्याची काडी कुठल्या बाजूची बांधलेली होती, काहीच आठवेना. गेली सहा वर्षं ते तिच्या पाठीमागे बसत होते. त्यांचा आवाज तिला पाठ होता, चेहरा नव्हता. तिने दोनदा काढला आणि दोनदा पुसला. मग ज्या अप्पांकडे तिने शेवटचं नीट पाहिलं होतं ते अप्पा तिने काढले. काळे केस, पांढरा हाफशर्ट, करडी पँट. शाळेत जाताना ती त्यांच्या शेजारून मान वर करून बघायची, तसेच ते उतरले. पाय लांबच लांब आणि डोकं खूप वर, लहान. डोळे तिने नीट काढले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना तिने त्यांना त्या हातासकट निवडलं, चित्रातून काढून टाकलं आणि चौकोन पुन्हा पहिल्याएवढा केला. मुलगा आणि मुलगी राहिले. तिने चित्र पाठवून दिलं.

“आता मोकळं वाटतंय,” तांबोळी म्हणाले.

मंगळवारी तिने नऊ वाजल्यापासून दार उघडं ठेवलं. अंक खाटेखाली सरकवले, शेळीला गॅलरीत होडीशेजारी नेलं, खुर्ची पुसली. साडेनऊला जिन्यावर पावलं वाजली. अप्पा चौकटीला डोकं लागेल म्हणून वाकले आणि आत आले. केतकीपेक्षा ते वयाने लहान होते. त्यांनी तिच्याकडे परक्या घरात बघावं तसं, अदबीने पाहिलं.

“माफ करा बाई,” ते म्हणाले. “माझी मुलगी इकडे आली आहे का? पहिलीत आहे. आत्ता माझ्याबरोबर होती.”

“आत या,” केतकी म्हणाली. “बसा.”

त्यांना बसता येईना. पाठ नव्हती, म्हणून ते भिंतीला लागून उभे राहिले. उजवा हात मात्र त्यांना खाली घेता येत नव्हता. तो कमरेच्या जरा खाली, बोटं थोडी वाकवून, हवेतच राहिला होता.

“किती उंच आहे ती?” केतकीने विचारलं.

“एवढी,” अप्पा म्हणाले आणि हाताकडे बघू लागले.

केतकी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि पुढे सरकली. तरी ती उंच होत होती, म्हणून तिने पाठ वाकवली, मान खाली घातली. हात तिच्या खांद्यावर बरोबर बसला. त्याला वजन नव्हतं. वर, खूप वर, अप्पा अजून उघड्या दाराकडे बघत होते.