रुवनवेलीचं वस्त्र

यसवती टेपनं माप घेत नसे. दारात आलेल्या बाईकडे एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघायचं आणि कात्री उचलायची, हा तिचा खाक्या. तंगल्लच्या पुढे समुद्राकाठी तिचं गाव. तिथल्या नवरीच्या पोलक्यापासून शाळेच्या पांढऱ्या गणवेशापर्यंत सगळं तिच्या हातचं, आणि त्यात बोटभर चूक निघेल तर शपथ.

त्यामुळे गावानं पोसोनच्या, म्हणजे ज्येष्ठातल्या, पौर्णिमेला अनुराधपुरच्या रुवनवेली स्तूपाला घुमटाभोवती गुंडाळायचं वस्त्र वाहायचं ठरवलं, तेव्हा ते शिवायचं कुणी हा प्रश्नच आला नाही. किती शिवायचं, यावर मात्र खटका उडाला. गावची यात्रा दरवर्षी विल्सन मामा नेत. जन्म मासेमारीत गेलेला हा म्हातारा. त्यांनी भगव्या कापडाचे एवढे तागे आणून टाकले की यसवतीला स्वतःच्या घरात शिरायला वाट उरली नाही. अनुराधपुर तिनं कधी पाहिलं नव्हतं. आधी आईचं आजारपण, मग शिलाईचं काम, असं करत दरवेळी राहूनच गेलं होतं. गावच्या विहारातला स्तूप मात्र तिच्या नजरेत पक्का होता. तसले दहा एकाला एक जोडले तरी यातलं निम्मं कापड उरेल, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

"मामा, तुम्ही पकडलेला मासा दरवर्षी हातभर वाढतो," ती म्हणाली. "तसाच तुमचा तो स्तूपही वाढत चाललाय."

"अगं, स्तूप आहे तो. तुझ्या गिऱ्हाइकाची कंबर नव्हे," मामा म्हणाले.

पण मशीन तिचं होतं आणि तिच्या मापाला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. तिनं तिच्या अंदाजानं वस्त्र शिवलं आणि उरलेल्या ताग्यांचे विहारातल्या प्रवचनाच्या दालनाला पडदे करून टाकले. मामांनी पडदे बघितले आणि तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं.

यात्रेच्या दिवशी उजाडता उजाडता बस अनुराधपुरला पोचली. सगळ्यांनी तिस्स तलावात आंघोळी केल्या, पांढरे कपडे घातले, आणि वस्त्राचं लांबलचक भेंडोळं डोक्यांवर घेऊन रांगेनं निघाले. कमळं विकणाऱ्या बायांमधून वाट काढताना यसवतीचं लक्ष कापडाकडेच होतं. कुठं चुरगळायला नको, कुठं जमिनीला लागायला नको. मग झाडं संपली, पुढची माणसं एकदम थबकली, म्हणून तिनं मान वर केली.

समोर दगडी हत्तींची रांग होती, खांद्याला खांदा लावून उभी. आणि त्या हत्तींच्या मागे तो होता.

तिची नजर सवयीनं काठ शोधायला निघाली. डावीकडून सुरू झाली, त्या पांढऱ्या फुगवट्यावरून पुढे पुढे गेली आणि वळणावर हरवली. ती पुन्हा डावीकडे आली. पुन्हा हरवली. मग खालून वर बघायला गेली तर मानेला रग लागली तरी शिखर येईना. घुमटाच्या पायथ्याशी कडेवरून काही पांढरे ठिपके सरकत होते. आधी तिला बगळे वाटले. वस्त्र बांधायला वर चढलेली ती धडधाकट माणसं आहेत हे कळलं, तेव्हा डोक्यावरचं भेंडोळं तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एवढं मोठं काही या जमिनीवर असतं आणि आपण इतकी वर्षं त्याच जमिनीवर बसून पोलकी शिवत होतो. तिच्या डोळ्यांत ते मावेना.

"मामा," ती हळूच म्हणाली, "कापड पुरायचं नाही."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. टोमणा त्यांच्या जिभेवर आलाच असणार, पण त्यांनी तो गिळला. "चल," ते म्हणाले, "जिथवर जाईल तिथवर नेऊ."

शंख वाजला, ढोल सुरू झाले. मामांनी वस्त्राचं पुढचं टोक धरलं आणि उजव्या हाताला स्तूप ठेवून ते चालू लागले. मागोमाग गाव. प्रत्येकाचे हात डोक्यावर, हातांवर कापड. खाली चालणाऱ्या सगळ्यांची तोंडं त्या भगव्या उजेडात एकसारखी दिसत होती. कोण बस कंडक्टर, कोण शाळामास्तर, काही कळत नव्हतं. शेवटचं टोक धरून यसवती उभी राहिली. मामा वळणाआड गेले. कापड तिच्या हातापुढून सरसरत राहिलं, आणि मग ताठ झालं.

तिनं मागे वळून पाहिलं. पलीकडच्या वळणावरून मामा आले होते आणि थांबले होते. त्यांच्या हातात टोक होतं, तिच्या हातात टोक होतं, आणि मधे नुसतं ऊन पडलेलं मोकळं दगडी अंगण. त्यात कबुतरं दाणे टिपत होती.

ढोलवाल्यांचा ठेका अडखळला. एक तरुण भन्ते छत्री सावरत आले आणि त्यांनी काय झालं ते विचारलं.

"मोजण्यात माझी चूक झाली, भन्ते," मामा म्हणाले.

यसवतीला ते ऐकवलं नाही. टोक शेजारणीच्या हातात देऊन ती पुढे झाली. "मामांनी पुरेसं आणलं होतं, भन्ते. मीच कमी शिवलं. मला वाटलं, एवढा मोठा कुठं असतो?"

भन्ते रागावले नाहीत. मन भरून आणलंय तर ते पोचलंच, असं त्यांनी सांगितलं. पण टोकाला टोक मिळाल्याशिवाय वस्त्र वर ठरत नाही, घसरून येतं, हेही सांगितलं. गाव खाली माना घालून उभं राहिलं.

मागे बदुल्लच्या डोंगरातली मंडळी पिवळं वस्त्र घेऊन ताटकळत होती. त्यांच्या पुढे टिकिरी मेणिके नावाची एक म्हातारी होती, उसाच्या चिपाडासारखी वाळलेली. काय अडलंय ते तिनं समजून घेतलं आणि आमचं याला जोडा म्हणाली. तिच्याच माणसांत कुरकुर सुरू झाली. एवढ्या लांबून आलो ते काय दुसऱ्यांच्या कापडाला ठिगळ लावायला, असं कुणीतरी बोललं.

"आपण फेरी पुरी करायला आलो ना?" टिकिरी मेणिके मागे न बघताच म्हणाली. "मग ती होतीय. तुमचं गाव कुठलं, हे तो स्तूप थोडाच विचारणार आहे?"

यसवतीच्या पोलक्याला सुई कायम टोचलेली असे. दोरा सोबतच्या पोरींच्या पिशवीत सापडला. ती तिथंच तापू लागलेल्या दगडावर मांडी घालून बसली. म्हातारीनं दोन्ही काठ ताणून धरले, आणि यसवती भगव्याला पिवळं जोडू लागली. पहिले टाके वाकडे गेले. तिनं ते उसवले नाहीत.

"राजाच्या शिंप्यांनी कसं केलं असेल गं?" म्हातारीनं सहज विचारलं.

सुई थांबली. ती गोष्ट यसवतीनं पाळण्यात असल्यापासून ऐकली होती. राजानं हा स्तूप बांधायला घेतला आणि काम अर्धवट असतानाच तो मरणाला टेकला. धाकट्या भावानं शिंपी लावले, पांढऱ्या कापडानं अख्खा स्तूप मढवून घेतला, आणि पालखीत आडवा पडलेला राजा पुरा झालेला स्तूप बघून डोळे मिटायला मोकळा झाला. गोष्ट सांगताना तिची आई राजासाठी रडायची. भावासाठीही रडायची. शिंप्यांचा विचार कुणी केला नव्हता, यसवतीनंही नाही, आणि ती तर स्वतः शिंपीण.

आता तिनं मान वर करून पाहिलं. हे एवढं सगळं? वरपासून खालपर्यंत? किती जण बसले असतील, कुठल्या टोकानं सुरुवात केली असेल, कशानं मापलं असेल? राजाचा श्वास संपायच्या आत पुरं करायचं म्हणताना त्यांच्या बोटांचं काय झालं असेल? त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. ते इथंच कुठंतरी बसले असतील, याच उन्हात, अशीच मांडी घालून. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ती पुन्हा शिवू लागली, आणि आता टाके सरळ पडत गेले.

ढोल पुन्हा घुमले. टोकं मिळाली, उलट डोंगरातलं कापड एवढं होतं की पदरासारखं एकावर एक आलं. वरच्या माणसांनी दोर सोडले, आणि दोन गावांचं ते वस्त्र हळूहळू उचललं जाऊन घुमटाच्या अंगाला लागलं. वाऱ्यानं ते फुगलं, पुन्हा बसलं. सगळ्या अंगणातून "साधू, साधू, साधू" असा गजर उठला. यसवतीनं पायथ्याच्या भिंतीला कपाळ टेकलं. भिंत उन्हानं कोमट झाली होती.

मंडळी बोधिवृक्षाकडे निघाली. मामांनी तिला हाक मारली, तशी तिनं हातानंच पुढे व्हा म्हणून खुणावलं. तिला एकटीनं एक फेरी मारायची होती. पण चार पावलं गेली नाही तोच टिकिरी मेणिके तिच्या शेजारी येऊन चालू लागली. पलीकडच्या बाजूला स्तूपाची सावली पडली होती, तिथला दगड अजून गार होता. म्हातारीला धाप लागली, म्हणून त्या सावलीत थांबल्या.

"माणसांनीच बांधलंय ना गं हे?" म्हातारीनं वर बघत विचारलं.

"माणसांनीच," यसवती म्हणाली.

म्हातारीनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग तिनं यसवतीचा दंड धरला, आणि दोघी उरलेली फेरी चालू लागल्या.