चीनच्या सहलीची फाईल

मित्रांनो, बहुतेक शाळांमध्ये जिन्याखाली एक अंधारी खोली असते. जुने हजेरीपट, फाटके नकाशे, पाय मोडलेली बाकं तिथे ठेवतात. आमच्या शाळेतल्या तसल्याच एका खोलीत, वरून दुसऱ्या फळीवर मी बसलेली असते. मी एक म्हातारी बॉक्स फाईल आहे. माझे कोपरे झिजले आहेत आणि कागद धरून ठेवणारी लोखंडी पकड गंजली आहे. फाईलला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

माझा जन्म नागपुरातल्या इतवारीचा. एका अरुंद बोळात पुठ्ठ्याचं काम चालायचं. एका माणसाने मला कापलं, दुसऱ्याने घड्या घातल्या आणि एका वयस्क बाईने माझ्या पाठीवर खळ लावून काळं कापड चिकटवलं. कापडावर सुरकुती राहू नये म्हणून ती तळहाताने पुन्हा पुन्हा दाबत होती. तो माझ्या आयुष्यातला पहिला मायेचा हात.

तिथून मी खापरखेड्याच्या रस्त्यावरच्या या शाळेत आले. इथे वीज केंद्राच्या वसाहतीतली मुलं येतात आणि आसपासच्या गावांतलीही येतात. सुरुवातीची वर्षं मी शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज सांभाळले. एकदाही कागद हरवला नाही, म्हणून ऑफिसात माझं कौतुक व्हायचं. पुढे अर्ज कॉम्प्युटरवर भरायला लागले आणि माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. तिथे खिडकीतून येणारी वीज केंद्राची राख माझ्यावर साचत राहिली. एका पालीने माझ्या आडोशाला अंडी घातली. कोणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मग एके दिवशी अरुंधती मॅडमनी मला खाली काढलं.

अरुंधती मॅडम भूगोल शिकवायच्या. त्या नागपूरच्या. त्यांच्या घरी आजोबांपासून सगळे सरकारी कचेरीत कारकुनी करणारे. त्यांनी स्वतः कधी समुद्र ओलांडला नव्हता. हौसेने काढलेला त्यांचा पासपोर्ट दहा वर्षं कोरा राहून संपला होता, हे त्या मुलांना हसत हसत सांगायच्या. त्या वर्षी संस्थेने ठरवलं की नववीची वीस मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस चीनला न्यायची. तिथलं विज्ञान संग्रहालय, वेगवान रेल्वे, एक शाळा आणि ती प्रसिद्ध भिंत, एवढं पाहायचं होतं. सगळी जबाबदारी मॅडमवर आली. त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसलं, नवीन कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं. लिहिताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "चीन, शैक्षणिक सहल." मित्रांनो, त्या दिवशी मी पुन्हा कामाची झाले!

माझं पोट भरू लागलं. पासपोर्टच्या प्रती आल्या, पालकांची संमतिपत्रं आली, कोण कोणाबरोबर खोलीत राहणार याच्या याद्या आल्या. पालकांच्या सभेत प्रश्नांचा पाऊस पडायचा. तिकडे पोळी मिळेल का? मुलगा झोपेत चालतो, त्याचं काय करायचं? फोन लागेल का? मॅडम प्रत्येकाला शांतपणे उत्तर द्यायच्या. वर्गात मुलं एकमेकांना "नी हाओ" म्हणत वाकायची आणि खिदळायची.

निवडलेल्या वीस जणांत काजल होती. ती गावातली मुलगी. तिचे वडील रुपराव भाजीपाला पिकवायचे, आई गोपिका बरोबरीने राबायची. काजलने निवडीसाठी वीज केंद्राच्या राखेवर प्रकल्प केला होता. पालकांच्या एका सभेत मॅडमनी या मुलांना विचारलं, चीनमध्ये काय पाहायचंय? बाकीच्यांनी भिंत सांगितली. ती म्हणाली, "तिकडे राखेचं काय करतात, ते मले पाहाचं हाय." सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत पेन्सिलीने काहीतरी वाढवलं आणि म्हणाल्या, "विचारते मी, एखादा राखेच्या विटांचा कारखाना दाखवतात का."

त्याच सभेत संस्थेचे सचिव गिरिधरजी उठून म्हणाले, "परदेशात रिस्क नको. जो बच्चा अनफिट, तो वेटिंगवाल्याला जागा देईल. सीधी बात." त्यांच्या दृष्टीने ती एक सूचना होती. पण काजल पुढच्याच रांगेत बसली होती.

आठवड्याभराने गोपिका एकटी शाळेत आली. हातात भरलेला फॉर्म आणि एक बंद पाकीट. ऑफिसात त्या वेळी चार पालक उभे होते आणि मॅडमचा फोन सारखा वाजत होता.

"मॅडम, फॉर्म इंग्रजीत होता, पोरीनंच भरला," गोपिका म्हणाली. "मी चिठ्ठी लिहून आणली. तेवढी वाचून घ्याल."

"हो हो, वाचते. ठेवा इथे."

"पोरीबद्दल हाय, मॅडम."

"वाचते हो ताई," मॅडम म्हणाल्या, आणि फोन कानाला लावता लावता फॉर्म आणि पाकीट दोन्ही माझ्या पोटात घातलं. गोपिका क्षणभर उभी राहिली. मग पदर सावरत निघून गेली.

त्या दिवसापासून पाकीट माझ्यात होतं. दिवस जात होते, नवे कागद येत होते. मॅडम मला रोज उघडायच्या. पण त्यांना नेहमी वरचाच कागद हवा असायचा.

एकदा मॅडमनी काजललाच मला आणायला पाठवलं. जिन्यावर कोणी नव्हतं. तिने मला उघडलं, कागद चाळले आणि एकदम थांबली.

"आईचं अक्षर," ती पुटपुटली. पाकीट तिने उलटंपालटं करून पाहिलं. ते अजून बंदच होतं. तिचा श्वास मला जाणवत होता. मला वाटलं, आता ही पाकीट फाडणार. पण तिने ते फाडलं नाही. सगळ्या कागदांच्या तळाशी सरकवलं आणि हळूच म्हणाली, "चीनहून आल्यावर सांगीन मी मॅडमले. पक्कं सांगीन."

मार्च संपत आला होता. भिंतीवर चढायला पाय तयार हवेत, म्हणून मॅडमनी सराव ठरवला. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढायच्या, पाठीवर प्रवासाची बॅग घेऊन. पालकांचे फोन नंबर माझ्यात होते, म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शाळेबाहेर पडले. सकाळी बसमध्ये गाणी झाली, भेंड्या झाल्या. चढायला सुरुवात झाली तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि ऊन चटके देऊ लागलं होतं.

अर्ध्या वाटेवर काजल बसली.

"मॅडम, पाय लय दुखून राह्यले."

तिची मैत्रीण अबोली म्हणाली, "मॅडम, हिची बॅग मी घेऊ का?"

मॅडमनी काजलच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, इथेच बसलीस तर भिंतीवर काय करशील? थोड्याच पायऱ्या राहिल्या. चल बरं, माझा हात धर."

मित्रांनो, त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना ती मुलगी चीनला न्यायचीच होती. काजल उठली. अबोलीला बॅग दिली नाही. ओठ घट्ट मिटून ती वरपर्यंत चढली. वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या चालू असतानाच ती छाती धरून खाली बसली.

ऊन लागलं, असं सगळ्यांना वाटलं. तिला सावलीत झोपवलं, लिंबूपाणी दिलं, ओला रुमाल कपाळावर ठेवला. यात बराच वेळ गेला. ती कण्हायला लागली तेव्हा मॅडम घाबरल्या आणि तिला उचलून गाडीतून पायथ्याजवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "हिला आधीचा काही आजार? काही औषध चालू आहे?"

मॅडमनी मला मांडीवर घेऊन उघडलं. काजलचा फॉर्म काढला. त्यांचं बोट रकान्यावर फिरत गेलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "इथे 'नो' लिहिलंय."

"नक्की?"

"नक्की, डॉक्टर."

पाकीट तिथेच होतं. त्यांच्या मांडीवर, माझ्या तळाशी, त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. मला हात नाहीत. मला तोंड नाही. त्या घटकेला मला जेवढं असहाय वाटलं, तेवढं पालीने अंडी घातली तेव्हाही वाटलं नव्हतं, राखेखाली गाडली गेले तेव्हाही नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. गोपिका आणि रुपराव तिथेच धावत आले. गोपिकाने पोरीचा चेहरा पाहिला आणि थेट आतल्या डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "सिकलसेल हाय तिले! सिकलसेल!" मग ती मॅडमकडे वळली. "मी चिठ्ठी देल्ली होती ना, मॅडम? सांगतलं नाही तुम्ही?"

मॅडम बाकावर बसल्या. त्यांनी मला उघडलं आणि एकेक कागद बाजूला काढत तळाशी आल्या. पाकीट हातात घेऊन त्या तशाच बसून राहिल्या. तेव्हाही ते त्यांच्याने फोडवेना.

मोठ्या डॉक्टरांनी फार प्रयत्न केले. पण छातीत दुखणं पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी काजल गेली. ती चौदा वर्षांची होती.

सहल रद्द झाली. मुलं एकेक करून आपापले कागद परत घेऊन गेली.  अबोलीने स्वतःचा फॉर्म घेतला आणि काजलच्या फॉर्मवरची धूळ पुसून तो परत आत ठेवला.

मग चौकशी लागली. समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी गिरिधरजींनी मॅडमना बोलावलं. मी टेबलावर होते.

"ती चिठ्ठी कोणी पाहिली?"

"आईने माझ्या हातात दिली होती, सर."

"असं ती म्हणते. फॉर्मवर 'नो' आहे, खाली सही आहे. तेवढं बस झालं. बाकी कागद फाईलमध्ये असलाच पाहिजे असं नाही." त्यांनी मला मॅडमकडे सरकवलं. "मॅडम, तुमची नोकरी आहे. शाळेत आठशे पोरं आहेत. समजून घ्या."

 मॅडमनी मला उघडलं, पाकीट काढलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. गिरिधरजींनी मान हलवली. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. कागद सांभाळणं एवढंच माझं काम. ज्या बाईने मला पुन्हा कामाला लावलं, तिनेच माझ्यातून तो कागद काढून न्यावा!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात चौकशी समिती बसली. समितीच्या साहेबांनी मला उलटून पाहिलं. काजलचा फॉर्म मोठ्याने वाचला. "इथे आजार नाही असं लिहिलंय. आईची सही आहे. चिठ्ठी तर फाईलमध्ये नाही."

सगळ्यांच्या नजरा गोपिकाकडे वळल्या. ती भिंतीशी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"मी देल्ली होती, साहेब. पाकिटात घालून देल्ली होती."

रुपराव तिच्याकडे पाहत राहिले. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "खरंच देल्ली होती का वं?"

गोपिकाने नवऱ्याकडे पाहिलं. 

तेव्हा अरुंधती मॅडम उठल्या. गिरिधरजी "मॅडम, बसा" म्हणाले, पण त्या बसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"दिली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात दिली. वाचून घ्या असं दोनदा सांगितलं. मी वाचली नाही. काल ती मीच फाईलमधून काढली. इथे राहिली असती तर आज सकाळपर्यंत टिकली नसती."

साहेबांनी पाकीट बंद आहे हे सगळ्यांना दाखवलं आणि ते फोडून मॅडमकडेच दिलं. मॅडमनी उभ्यानेच वाचलं. 

"मॅडमले नमस्कार. काजलले सिकलसेल म्हणजे रक्ताचा आजार आहे. तिले सारखं पाणी पाजत राहावं. उन्हात चालवू नये, चढाव चढवू नये. हातपाय किंवा छाती दुखते म्हणली की घाई करून दवाखान्यात न्यावं आणि सिकलसेल आहे असं पहिले सांगावं. बाकी पोरगी हुशार आहे. आजारामुळं तिले सहलीतून काढू नका. तिनं फार मेहनत केली. नसन जमत तर मले सांगा, मी समजावीन तिले. आपली, गोपिका."

 रुपराव तोंड झाकून रडू लागले. गोपिका रडली नाही. ती म्हणाली, "आता वाचून काय फायदा, मॅडम?"

 मॅडम तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. गोपिकाने ते हात खालीही केले नाहीत, हातात धरलेही नाहीत. नवऱ्याला म्हणाली, "चाला," आणि दोघं निघून गेले.

मॅडमना कामावरून दूर केलं गेलं. गिरिधरजींनाही पद सोडावं लागलं. अरुंधती मॅडम अलीकडे गावोगाव सिकलसेलच्या तपासणी शिबिरांत नावं लिहिण्याचं काम करतात, असं ऑफिसातल्या वंदनाताईंना बोलताना ऐकलं. प्रत्येकाचा कागद त्या त्याच्यासमोर मोठ्याने वाचतात म्हणे, त्यामुळे रांग फार हळू सरकते.

आणि मी इथे, जिन्याखाली. जिन्यावर पाकीट तळाशी सरकवणारा तो लहान हात मॅडमना माहीत नाही, गोपिकाला माहीत नाही. तुम्हालाच प्रथम सांगते आहे. काजलला दोष द्यावा म्हणून सांगत नाही. खरं सांगितलं तर आपली जागा जाईल, ही भीती तिच्या मनात मोठ्या माणसांनीच घातली होती.

मित्रांनो, तुमच्या शाळेत फाईली असतील. आमच्यावरची धूळ नाही झटकली तरी चालेल. पण कोणी माणूस विश्वासाने कागद हातात दिला, तर तो आमच्या पोटात टाकण्याआधी वाचा. आम्हाला सांभाळता येतं, वाचता येत नाही. मोठ्यांना वेळ नसेल तर तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहा आणि म्हणा, "आधी वाचा, मगच मी जाईन."

आणि तुम्हाला काही दुखत असेल, काही आजार असेल, तर तो लपवू नका. सहलीच्या आधी सांगा, पहिल्या पायरीवर सांगा, अर्ध्या वाटेवर सांगा. एखादी सहल हुकेल. हुकू द्या.