टोचलं तर सांग

“आई, थांब! पाय उचल आधी!”

मी ओरडले, कारण नुकत्याच पुसलेल्या फरशीवर दारापासून ओट्यापर्यंत लाल ठसे उमटले होते. आई भाजीची पिशवी घेऊन आरामात उभी. “काय सांडलं गं?” म्हणाली. सांडलं होतं तिचंच रक्त, आणि बाईसाहेबांना पत्ताच नाही!

आईला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली. तिच्या तळपायांना आता गार लागत नाही, गरम लागत नाही, काही म्हणजे काही लागत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय जपा, यांना जखम झालेली कळायची नाही आणि चिघळली तर पाय जाईल. म्हणून तिचे बूट बाबा स्वतः बनवायचे. आमचं बूटदुरुस्तीचं दुकान आहे. बूट कुणाचाही असो, परत देण्याआधी बाबा आत हात घालून तळावरून बोटं फिरवायचे. खिळ्याचं टोक वर आलेलं असलं की त्यांच्या बोटांना लगेच कळायचं. कालच त्यांनी आईच्या बुटाला नवी टाच ठोकली होती.

जखम धुऊन, पट्टी बांधून मी तो बूट उचलला आणि आत हात घातला.

“आई गं!”

टोक चांगलंच वर आलं होतं. माझं डोकंच फिरलं. तशीच दुकानात गेले आणि बूट बाबांच्या पुढ्यात आपटला. “बाबा, हात फिरवला होता ना तुम्ही?”

“फिरवला होता. गुळगुळीत होता.”

“मग आता फिरवा!”

त्यांनी हात घातला. नेहमीसारखा, सावकाश, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. “काही नाही गं इथे,” म्हणाले आणि हात बाहेर काढला. मधल्या बोटावर रक्ताचा थेंब होता. दुसऱ्याच कुणाचं बोट असावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

“कधीपासून होतंय हे?”

“झाले काही महिने.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? दुखत असतं तर बोललो असतो.”

तपासणीत बाबांनाही साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, बोटांत गेलेली जाण परत येईल याचा भरवसा नाही. आईची जखम मात्र रोज दाखवायला लागायची, आणि दर वेळी पट्टी सुटताना बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. दुकान बंद. बाबा दिवसभर घरातच.

जखम भरतेय, पाय वाचला, असं डॉक्टर म्हणाले त्या दिवशी आईने तोंड उघडलं.

“अहो, किती दिवस घरात बसून माझं डोकं खाणार आहात?”

“दुकानात जाऊन काय करू? उद्या दुसऱ्या कुणाच्या पायात घुसेल.”

“पाय बधिर झालेत माझे, हात नाही. मी येते.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“टोचलं की कळतं. तेवढं पुरे.”

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. पट्टी बांधलेला पाय खोक्यावर ठेवून बाबांच्या शेजारी बसली. मीही गेले, म्हटलं भांडले तर सोडवायला कुणी हवं. पहिलं गिऱ्हाईक शाळेतले मास्तर. बाबांनी तळ ठोकला, पॉलिश केलं, सवयीने हात आत न्यायला गेले आणि थांबले. इतक्या वर्षांत त्यांचं काम कुणी तपासलं नव्हतं. त्यांनी बूट आईपुढे धरला. नजर मात्र खालीच.

आईने हात घातला. “स्स!” ती कळवळली. “इथे. अंगठ्याखाली.”

बाबांनी हातोडीने टोक ठोकून बसवलं आणि बूट पुन्हा तिच्याकडे दिला. तिने सगळीकडून हात फिरवून मान हलवली. मास्तर बूट घेऊन गेले.

“फार टोचलं का गं?” बाबांनी हळूच विचारलं.

“टोचलं तर! खिळा आहे, कापूस नाही.”

“बघू.”

त्यांनी तिचं बोट हातात घेतलं. रक्त नव्हतं, नुसता लाल ठिपका होता. बाबा त्यावरून आपला अंगठा फिरवत राहिले. आईने हात सोडवून घेतला नाही.

“कळतंय का काही?” तिने विचारलं.

बाबांनी मान हलवली. नाही म्हणून.

“राहू दे,” आई म्हणाली. “मला कळतंय.”