केसभर

एकोणीसशे एकोणसत्तर सालची गोष्ट. मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी वहिनींनी घोडीला तबेल्यासमोरच्या फरशीवर पुन्हा एकदा उभं केलं, मागे सरून मान तिरकी करून बघितलं, आणि पदर खोचून तिच्या पुढच्या पायांवरून हात फिरवला.

“अहो वहिनी, हात फिरवून फिरवून घोडीची कातडी झिजेल,” धाकटे दीर म्हणाले. तबेला ते चालवायचे. पण घोडं पारखावं ते वहिनींनीच, असं घरात ठरून गेलेलं.

“खांदा छान उतरता आहे, भाऊजी. टांग लांब पडेल. मागचा भागही भरदार, जोर तिथूनच येतो. पण गुडघा बाजूने बघा. मागे झुकलाय.”

“केसभर.”

“ह्यांच्या घोड्याचाही केसभरच होता.”

वहिनींचे यजमान त्या घोड्यावरून पडले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून वहिनी घोडं उभं तपासायच्या. पळताना एकही पाहिलं नव्हतं.

आणि उद्या त्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत घोडीवर त्यांची लेक बसणार होती.

“आई, उभ्या घोडीची शर्यत नसते गं,” लेक म्हणाली. “एकदा पळताना बघ. मग नाही म्हणालीस, तर लगाम खुंटीला टांगते.”

वहिनी आत गेल्या, भरलेली बादली उगीच इकडची तिकडे केली, बाहेर आल्या, परत आत गेल्या. शेवटी सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशी जाऊन बांबू धरून उभ्या राहिल्या.

लेकीला घेऊन घोडी सुटली. काय मोकळी पळाली! पहिल्या फेरीला वहिनींना हसूच फुटलं. पुढच्या फेरीत ती दमली, आणि टाप टेकताना गुडघा मागे दबलेला वहिनींना दिसला. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

लेक धापा टाकत उतरली. “काय?”

“उद्याची नाही. पुढची, एका फेरीची पळव.”

“म्हणजे हो?”

“भाऊजी, हिला सांगा. पुन्हा विचारलं तर नाहीच म्हणेन.”

घोडी काही हंगाम छोट्या शर्यती पळाली आणि धडधाकट पायांनी म्हातारी झाली. दिरांनी पुढे तबेला विकला. त्या हुकलेल्या मोठ्या शर्यतीचं मात्र शेवटपर्यंत बोलून दाखवत राहिले. लेक केस पिकेपर्यंत घोड्यावर बसली. वहिनी कुंपणाशी परत कधी गेल्या नाहीत. शर्यत संपेपर्यंत तबेल्याच्या दारात येरझारा घालायच्या; आणि दोघी आल्या की आधी घोडीचे गुडघे चाचपायच्या, मग लेकीचे.