आठ वाजताचा केमिस्ट्रीचा तास

एल्विरा चांगली पंचवीस वर्षांची घोडी झाली होती, आणि युनिव्हर्सिटीतल्या पहिल्या सेमिस्टरची आखणी करायला बापाला सोबत घेऊन आली होती. खरं तर तिने आणलं नव्हतं, तोच आला होता. ऐन द्राक्षतोडणीत मुकादमाकडे एका दिवसाची सुट्टी मागून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आणि काखेत जाडजूड फाइल मारून रुफिनो टेबलापाशी बसला. मेक्सिकोहून कॅलिफोर्नियात आला त्या दिवसापासूनची एकेक पावती त्या फाइलीत होती. साहेबाला कागद दाखवला की साहेब गप्प बसतो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव.

गावच्या कॉलेजात दोन वर्षं करून इथे येणाऱ्यांना विषय निवडून द्यायला युनिव्हर्सिटीने आपलेच वरच्या वर्गांतले विद्यार्थी बसवले होते. एल्विराची धाकटी बहीण नायेली त्यांच्यातलीच. शाळा संपवून ती थेट इथे आली होती आणि आता शेवटच्या वर्षाला होती. ताईचं नाव तिने हट्टाने स्वतःच्या यादीत घातलं होतं.

"बस गं ताई. दोन वर्षांत पदवी देऊन हाकलते की नाही तुला, बघच!"

मग तिने संगणकावर ताईचं जुनं निकालपत्र उघडलं आणि तिचं हसू मावळलं. एका सेमिस्टरचे चारही विषय नापास.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते असं : आईच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मोठीने कॉलेज सोडलं आणि धाकटीला शिकू दिलं. रुफिनो चर्चच्या अंगणात हे ऐकणाऱ्याला सांगायचा, न ऐकणाऱ्यालाही सांगायचा. आईला तिने नेलं-आणलं आणि राहिलेलं कॉलेज मागाहून सवडीने पुरं केलं, हे खरंच होतं. पण आई आजारी पडली ऑक्टोबरात, आणि विषय बुडाले होते त्याआधीच्या मे महिन्यात. केमिस्ट्रीच्या पहिल्याच परीक्षेत शंभरातले एकोणीस पडले, त्यानंतर एल्विरा कुठल्याच वर्गात गेली नाही. रोज सकाळी आईच्या हातचा डबा घेऊन निघायची, कालव्याकाठी गाडी लावायची आणि दुपारपर्यंत बसून राहायची. आईचं दुखणं कळलं तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर 'सुटले!' त्या एका शब्दाची लाज ती तीन वर्षं गिळत होती.

नायेलीने तारीख पाहिली, ताईकडे पाहिलं आणि संगणकाचा पडदा हळूच स्वतःकडे वळवला.

"तीन वर्षं लागतील, पपा."

"आत्ता तर दोन म्हणालीस!"

"तिथले काही विषय इथे धरत नाहीत. नियम आहे तसा."

धाकटी आपल्यासाठी खोटं बोलली, तेही आपल्याकडे न बघता. एल्विराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कसला नियम?" रुफिनोने फाइल उघडली. "आईची सेवा केली म्हणून माझ्या पोरीला शिक्षा? हा बघ हॉस्पिटलचा कागद. तारीख, सही, शिक्का. कुठे बसतो तुमचा साहेब?"

तो उठलाच. शर्टाची कॉलर नीट केली आणि साहेबाला सांगायचं इंग्रजी वाक्य ओठांतल्या ओठांत घोकू लागला. ते घोकणं एल्विराला बघवेना.

"पपा, नका जाऊ. तो कागद ऑक्टोबरचा आहे."

"मग?"

"मी मे महिन्यातच नापास झाले होते. आईला काही झालंही नव्हतं तेव्हा. केमिस्ट्रीत एकोणीस पडले, मग मी वर्गातच जात नव्हते."

नायेली खालच्या आवाजात म्हणाली, "सुट्टीत घरी आले की तुझ्या वाटची भांडी मी घासायचे, ताई. तुझे उपकार फेडायचे म्हणून."

रुफिनो खाली बसला. कागद त्याने होता त्याच जागी परत लावला. एल्विरा तो ओरडायची वाट बघत होती. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आणि तो डबा?" त्याने विचारलं. "आई चारला उठून करायची तो?"

"गाडीत बसून खायचे."

"सगळा?"

"सगळा."

त्याने मान डोलावली. मग नायेलीकडे वळला. "ही केमिस्ट्री पुन्हा करावी लागते का?"

"हो. पहिल्याच सेमिस्टरला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी आठ."

"लिही."

नायेलीने लिहिलं.

"मुकादमाशी मी बोलतो," रुफिनो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, पण शेजारच्या टेबलापर्यंत जात होता. "हिला मीच आणून सोडणार. फाटकापर्यंत नाही. वर्गाच्या दारापर्यंत. आत जाऊन बसलेली बघेन, मगच कामाला जाईन."

शेजारच्या टेबलावरचे वळून बघू लागले. एल्विराने मानेनेच हो म्हटलं. नको म्हणायला तिला तोंडच उरलं नव्हतं.