चहा चाखणाऱ्यांची पिकदाणी

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. पान-तंबाखूचा थेंबही माझ्यात कधी पडलेला नाही. मी चहा चाखणाऱ्यांची पिकदाणी आहे. उंची कंबरेएवढी, मधे निमुळती, खाली चार चाके. या चाकांमुळे एका जागी उभे राहणे मला कधी जमलेच नाही.

चट्टग्रामच्या एका कारागिराने मला घडवले. माझे तरुणपण तिथल्या चहाच्या लिलावघरात गेले. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या असत. चाखणारा चमचाभर चहा सुर्रकन ओढी, तोंडात घोळवी, माझ्यात थुंके आणि मला ढकलत पुढच्या वाटीकडे जाई. त्याच्या एका शब्दावर बागेच्या मालाचे नशीब ठरे. रोज संध्याकाळी मला चिंचेने घासत, तेव्हा माझ्यात तोंड दिसे. पुढे स्टीलच्या हलक्या पिकदाण्या आल्या आणि मला सिलेटच्या एका विद्यापीठाला देऊन टाकण्यात आले. तिथे अन्न अभियांत्रिकी आणि चहा तंत्रज्ञान शिकवतात.

इथल्या मुलांना सगळ्याचीच घाई. बहुतेकांचे डोळे ढाक्याच्या बिस्किट कारखान्यांकडे लागलेले. चहाची चाखणी त्यांना गंमत वाटे. चारचौघांत सुरका मारायची मुलींना लाज, आणि थुंकायची तर त्याहून जास्त. शिउली तांती मात्र वेगळी होती. ती श्रीमंगलजवळच्या चहाबागेतल्या मजूरवस्तीत वाढलेली. तिची आई पाने खुडायची. शिउलीला बागेतच परत जायचे होते, पण पाठीवर टोपली घेऊन नाही, हातात चमचा घेऊन. पहिल्याच दिवशी तिने असा सुरका मारला की वर्ग खो खो हसला. चाखणी शिकवणारे मोहिबुर सर हसले नाहीत. चहा असा ओढायचा असतो, एवढेच ते म्हणाले.

त्या वर्षी तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकाची वास घ्यायची ताकद घेऊन गेला. कडू, आंबट, खारट तेवढे जिभेला कळे. चहाचा गंध मात्र कुठेच नव्हता. ती वाटीवर वाकून राही, पुन्हा पुन्हा घोट घेई आणि माझ्यात थुंकायचे विसरून गिळून टाकी. माझ्या हे लक्षात आले, पण मला कुठे बोलता येते? एकदा आईने बागेतून कच्च्या चहापानांची, बटाटा-मिरची घातलेली चटणी पाठवली. फोनवर आईने विचारले, कशी झाली? नेहमीसारखी, असे सांगून शिउलीने फोन ठेवला आणि चटणीचा डबा मैत्रिणीपुढे सरकवला.

ही मैत्रीण तान्जिला, सिलेट शहरातली. तिने डब्याकडे पाहिले, मग शिउलीकडे.

"आईच्या हातची चटणी तू मला देतेस? काय झालंय तुला?"

तेव्हा कुठे शिउलीने सगळे सांगितले. सरांना सांगायचे नाही, अशी शपथही घातली. चाखणाऱ्याचे नाक गेले की त्याच्याकडे उरते काय?

तान्जिलाने तोडगा काढला. चाचणीच्या वेळी ती आधी चाखून शेजारी उभी राहणार. चहा धुरकट असेल तर मला पायाने पुढे ढकलणार, शिळा असेल तर मागे ओढणार, चांगला असेल तर जागीच ठेवणार. अशा रीतीने मी चोरीत सामील झाले. शिउली वर्गात पहिली आली. त्या दिवसापासून तिला चैन पडेना. ती खिडकीशी जाई, परत येई, धुतलेले चमचे पुन्हा धुई.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. सरांनी निरनिराळ्या बागांचे नमुने मांडले होते. तिसऱ्या वाटीशी तान्जिलाने मला पुढे ढकलले. शिउली हलली नाही. तान्जिलाने पुन्हा ढकलले. माझी चाके करकरली. शिउलीने चमचा खाली ठेवला.

"सर, मला यातलं काही कळत नाही. ताप आल्यापासून मला कशाचाच वास येत नाही."

सरांनी त्याच वाटीतला चमचाभर चहा चाखला. "यात धूर उतरलाय. तू याला चांगला म्हटलं असतंस, तर पुढे बागेतसुद्धा असंच म्हणाली असतीस. मागच्या चाचणीत जीभ कुणाची होती?"

"माझी, सर," तान्जिला म्हणाली. "आणि पायही माझाच."

सरांनी दोघींचे गुण खोडले. फेरपरीक्षा ईदच्या सुट्टीनंतर. वास परत येईल की नाही हे मला सांगता येणार नाही, मी डॉक्टर नाही, असे म्हणून ते निघून गेले.

त्यानंतर शिउली रोज सकाळी यायची. लवंग, मोहरीचे तेल, सुके मासे आणि सातकरा नावाचे इथले जाड सालीचे लिंबू टेबलावर मांडायची. एकेक नाकाशी धरायची, डोळे मिटायची, आणि चिडून बाजूला सारायची. सातकरा आंबट आहे हे जीभ सांगे, पण सातकऱ्याचा सातकरेपणा काही येईना.

ईदची सुट्टी लागली. सगळे घाईघाईने पांगले. मला कुणी रिकामे केले नाही. बंद खोलीत, उकाड्यात, उष्ट्या चहाने भरलेली मी कुजत उभी होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सुट्टी संपल्यावर शिउलीने दार उघडले आणि ती उंबऱ्यातच थबकली.

"तान्जिला, इथे काही सडलंय का गं?"

मागून आलेल्या तान्जिलाने ओढणी नाकाला लावली. "त्या पिकदाणीत. शी, लांब हो तिच्यापासून."

शिउली लांब झाली नाही. माझ्या काठाला दोन्ही हात धरून ती वाकली आणि छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एकदा घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ती हसतही होती. "घाण येतेय गं," ती म्हणत राहिली, "किती घाण येतेय."

मग तिने स्वतःच्या हाताने मला धुतले.

वास तेव्हा सगळा परतला नव्हता, तो हळूहळू येत गेला. फेरपरीक्षेत ती कशीबशी पास झाली, आणि हे गुण तिचे स्वतःचे होते. आज ती एका बागेच्या कारखान्यात आहे. तिथे चाखायची शेवटची वाटी तिच्यापुढे येते आणि तिचाच शब्द अखेरचा ठरतो, असे सर नव्या मुलांना सांगतात.

मित्रांनो, माझ्या दुर्गंधीने एकीचे भले झाले म्हणून ती दुर्गंधी काही चांगली ठरत नाही. काम संपले की आम्हांला धुऊन, पुसून ठेवा. आणि तुमच्या शेजारी कुणी मुकाट्याने बेचव घोट गिळत असेल, तर त्याला उत्तर पुरवू नका. त्याला काय होतेय, ते आधी विचारा.