हातभर अंतरावरचा सूर

धापूबाईंनी काचेच्या पेटीतला मासा विहिरीत सोडला, तो पुण्य म्हणून. पाणी फडक्यानं गाळायचं आणि फडक्यात उरलेले जीव ज्या विहिरीचं पाणी तिच्यातच परत सोडायचे, ही जिवाणीची रीत त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. त्यांच्या पुतण्यानं, कॉलेजात शिकवणाऱ्या अजितकुमार सरांनी, माशांच्या दोन्ही पेट्या याच विहिरीच्या पाण्यानं भरल्या होत्या. मग मासे कुठले ठरले? एक परत गेला. दुसऱ्याची पाळी, सर मधेच आले म्हणून हुकली.

मासे दक्षिण अमेरिकेतले, काळे, वीतभर, अंगातून वीज सोडणारे. मे महिन्याचं कमरेइतकं गढूळ पाणी, त्यात सोडलेला मासा कुठल्या सांदीत दडला होता कोण जाणे. शोधायला उतरायचं होतं कॉलेजच्या शिपायानं, जगदेवनं.

"मी नाई उतरत, सर. इंझोरी गावाले माहा भाऊ पंपाच्या मोटारीच्या करंटनं पाण्यातच गेला."

"अरे, याची वीज आपल्या हाताला कळतसुद्धा नाही. त्यांची त्यांना कळते. अंधारात तीच त्यांची नजर."

"मंग तुमी काहून नाई उतरत?"

"मला वर कर्ण्यातून माशाचा आवाज ऐकावा लागतो ना!"

कर्णा ऐकायला पदवी लागते, हे जगदेवला नवीनच कळलं. तेवढ्यात धापूबाई पदर खोचून पायऱ्या उतरू लागल्या. "माह्या हातून झालं, मीच काढतो."

"राहू द्या, बाई," म्हणत जगदेव पाण्यात शिरला.

एका हातात जाळीची टोपली. तिच्या बंद कप्प्यात उरलेला मासा, दुसरा कप्पा उघडा, सुटलेला याच्या ओढीनं आत शिरावा म्हणून. दुसऱ्या हातात दोन तारा, वर बॅटरीवरच्या कर्ण्याला जोडलेल्या. माशाची वीज कर्ण्यातून शिट्टीसारखी वाजायची. एक शिट्टी टोपलीतल्याची. दुसरी ऐकू आली, की पळालेला हातभर अंतरात आला असं समजायचं, असं सरांनी मोठ्या खुशीत सांगितलं होतं. म्हणजे ज्या क्षणी तो कळेल, त्या क्षणी तो आपल्या मांडीशी असेल, एवढंच जगदेवच्या डोक्यात बसलं.

पायाखालून काहीतरी निसटलं. तो किंचाळला.

"बेडूक असेल रे!"

"तुमाले वरून बेडूक दिसते, सर. मले खालून भाऊ दिसून राह्यला!"

मोठ्या दगडापाशी दुसरी शिट्टी उगवली. आधी केसासारखी बारीक, मग पहिलीला घासत. दोन्ही मिळून सूर थरथरू लागला.

"हलू नको," सर दबक्या आवाजात म्हणाले. "एकमेकांचा पत्ता लागला त्यांना. सूर फार जवळ आले की दोघांनाही दिसेनासं होतं. आता एक जण आपला सूर वर नेईल."

एक शिट्टी चढली. जगदेवच्या पोटरीला काहीतरी गार, मऊ घासून गेलं. भावाची वाकडी झालेली बोटं त्याच्या डोळ्यांपुढे आली. मग उघड्या कप्प्यात फडफड झाली. झाकण लावायला तारा सोडून हात बुडवायला हवा होता, थेट माशाच्या अंगाशी. त्यानं डोळे मिटले आणि बुडवला. झाकण बसलं.

"मिळाला?"

जगदेवची दातखीळ बसली होती, बोटं झाकणावरून सुटत नव्हती.

"जगदेव! करंट लागला का रे?" सरांचा आवाज फाटला. जो करंट हाताला कळतसुद्धा नाही असं ते सांगत होते, त्यालाच भिऊन ते दोन पावलं मागे सरकले.

पाणी हललं. धापूबाई लुगड्यानिशी कमरेपर्यंत पाण्यात आल्या होत्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. जगदेवचं एकेक बोट धरून सोडवू लागल्या. "सोड रे बापा. भेटला जीव. सोड आता."

शेवटचं बोट सुटलं तेव्हा जगदेवनं डोळे उघडले. बाईंचे अजून घट्ट मिटलेले होते.